पत्रास उत्तर : तूप खाली बसतं, बर्फ वर तरंगतो

पत्र पहिलं, निफाड तालुक्यातून :

ताई, नमस्कार. माझी चार एकर द्राक्षबाग आहे. बागेसाठी शेततळं केलंय आणि दोन वर्षांपासून त्यात रोहू-कटला सोडतो. यंदा जानेवारीत थंडीचा कडाका पडला, तेव्हा पाच-सहा दिवस पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवल्या. त्या दिवसांत तळ्यातले मासे दिसेनासेच झाले. खाद्य टाकलं तर तसंच तरंगत राहिलं. मला वाटलं, गेले. मग ऊन तापलं तसे दिसू लागले. त्याच आठवड्यात टीव्हीवर श्रीनगरचं दल सरोवर गोठलेलं दाखवत होते. घरातून प्रश्न आला, ‘आपल्याकडे पाणी गोठलंसुद्धा नाही तरी मासे उपाशी, मग तिथले काय करत असतील?’ मला काही सांगता आलं नाही. डोक्यावर बर्फाची स्लॅब असताना मासे गोठत का नाहीत? आणि श्वास कुठून घेतात?

उत्तर :

दादा, तुमचं पत्र वाचलं आणि आधी उठून फळीवरची तुपाची बरणी काढली. तुम्हीही काढा. घरचं साजूक तूप असेल तर या दिवसांत अर्धवट थिजलेलं असतं. रवाळ कणी तळाला आणि वर पातळ पिवळं तूप. कणी वर आणि पातळ तूप खाली, असं कधी पाहिलंय? नाही. घट्ट झालेला पदार्थ पातळपेक्षा जड होतो आणि खाली बसतो. मेणाचं तेच, खोबरेलाचं तेच.

पाण्याचं मात्र उलटं आहे. ग्लासातला बर्फ वर तरंगतो हे आपण रोज बघतो, म्हणून त्याचं नवल वाटत नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘पाण्याचे असंगत आचरण’ म्हणून हा भाग आहे, होपच्या उपकरणाच्या आकृतीसह. दोन मार्कांसाठी आपण ती आकृती काढतो आणि विसरून जातो. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या आकृतीतच आहे.

गोष्ट अशी. पाणी गार होत जातं तसं इतर पदार्थांसारखंच आकसतं आणि जड होतं, पण ते फक्त ४ अंशांपर्यंत. ४ अंशांच्या खाली उतरलं की ते पुन्हा फुगायला लागतं, हलकं होतं. गोठताना तर त्याचे कण एकमेकांचे हात धरून असे उभे राहतात की मधे पोकळ जागा राहते. आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. थंड मुलखात नळाचे पाइप फुटतात ते याच कारणाने.

आता डोंगरातलं एखादं खोल तळं घ्या. काश्मीरात सोनमर्गच्या वरच्या अंगाला विशनसर आणि किशनसर अशी तळी आहेत, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्याही वर, आणि त्यांत ट्राउट मासा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथली हवा गारठते. वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली जातं. त्याच्या जागी खालचं जरा उबदार पाणी वर येतं, तेही गार होऊन खाली जातं. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. एक पोहरा खाली, एक वर. हे रहाटगाडगं फिरताना आणखी एक काम करतं. वरच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू ते तळापर्यंत पोचवतं. पुढच्या चार-पाच महिन्यांची शिदोरी तेवढीच, म्हणून हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळं तळं ४ अंशांवर आलं की रहाट थांबतो. यापुढे वरचं पाणी ३ अंश, २ अंश झालं तरी ते हलकं, त्यामुळे वरच राहतं. तेच शून्यावर येऊन गोठतं आणि झाकणासारखं बसतं. खाली तळाशी ४ अंशांचं पाणी तसंच पडून असतं, बाहेर उणे १५ असो की उणे २५. बर्फ जसा जाड होतो तशी बाहेरची थंडी आत पोचायला जास्त वेळ लागतो, आणि त्यावर भुसभुशीत हिम पडलं की गोधडीवर दुलई. शिवाय दर ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडतं, तीही आधी बाहेर जावी लागते, मगच पुढचा थर गोठतो. म्हणून खोल तळं सहसा तळापर्यंत गोठत नाही. उथळ डबकं गोठतं, आणि त्यातला मासा मरतो, त्याला इलाज नाही.

तुमच्या तळ्यात नेमकं याच्या उलट चालतं. निफाडला हवा पाचाच्या खाली गेली तरी शेततळ्याचं पाणी इतकं उतरत नाही, ४ अंशांच्या बरंच वर राहतं. म्हणजे तुमच्याकडे गार पाणी खाली आणि कोमट वर, हा साधा नियम लागू. म्हणून तुमचे रोहू दुपारी उन्हाला वर आले. काश्मीरचा मासा उबेसाठी खाली जातो, निफाडचा वर येतो.

आता ‘आपले उपाशी का’ याबद्दल. मासा आपल्यासारखा अंग गरम ठेवत नाही. पाणी जेवढं तेवढंच त्याचं अंग. तेव्हा ‘बिचाऱ्याला थंडी वाजत असेल’ हे आपलं मन आहे, त्याचं नव्हे. पाणी १० अंशांनी उतरलं की माशाच्या शरीराचा खर्च निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हृदय सावकाश, कल्ले सावकाश, भूक नाहीच. पण प्रत्येक माशाच्या अंगाचं गणित वेगळ्या पाण्यासाठी बसवलेलं असतं. पुन्हा स्वयंपाकघरात चला. खोबरेल तेल नाशिकच्या थंडीत दगड होतं, करडईचं तेल त्याच फळीवर पातळच राहतं. माशाच्या पेशींच्या पडद्यांत स्निग्ध पदार्थ असतात. थंड पाण्यातल्या माशाच्या पडद्यांत करडईच्या जातीचा, न थिजणारा भाग जास्त असतो, म्हणून ४ अंशांतही पडदा लवचीक राहतो आणि काम चालतं. रोहू हा गंगेच्या मैदानातला, २५-३० अंशांच्या पाण्यातला गडी. पाणी वीसच्या खाली गेलं की त्याचं तोंड मिटायला लागतं. उलट ट्राउट आणून तुमच्या तळ्यात सोडलात तर डिसेंबर मजेत काढेल आणि एप्रिल बघणार नाही. पाणी पंचविशीच्या पुढे गेलं की तो संपला.

हा ट्राउट मूळचा तिथलाही नाही बरं का. साधारण १९०० च्या सुमारास साहेबांनी गळ टाकण्याच्या हौसेपायी त्याची अंडी स्कॉटलंडहून बर्फात घालून काश्मीरला आणली. मासा आणायला आधी बर्फच लागला, ही गंमत मला फार आवडते. आणि तो विणीला निवडतो शरदाचा शेवट. अंडी वाहत्या पाण्याच्या गोट्यांत पुरून ठेवतो, ती ४ अंशांच्या पाण्यात उबायला तीन महिने तरी घेतात. मी नोकरीला होते त्या मत्स्यबीज केंद्रावर रोहूची अंडी सोळा-अठरा तासांत फुटायची, आम्हाला जेवायला सवड नसायची.

मासा गोठत का नाही, यात त्याचं रक्त का गोठत नाही हेही आलंच. सोपं आहे. माशाच्या रक्तात तळ्याच्या पाण्यापेक्षा मीठ आणि इतर विरघळलेले पदार्थ जास्त, त्यामुळे ते शून्याच्या खाली साधारण अर्ध्या अंशावर गोठतं. तळ्याचं पाणी शून्याच्या खाली जातच नाही, गेलं की ते पाणी राहत नाही, बर्फ होतं. तेव्हा पाण्यात असेपर्यंत मासा सुरक्षित. खरी अडचण समुद्रातल्या माशांची. खारं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत पातळ राहतं, माशाचं रक्त त्याआधीच गोठायला हवं. दक्षिण ध्रुवाजवळच्या माशांच्या रक्तात एक खास प्रथिन असतं, ते बर्फाच्या बारीक कणाला चिकटून त्याची वाढ अडवतं. आर्थर डेव्हरीज या संशोधकाने १९६० च्या दशकात ते शोधलं. आपल्या हिमालयातल्या माशाला त्याची गरज नाही.

म्हणजे थंडीचं फारसं काही नाही. बर्फाखालच्या माशाला मारतो तो श्वास. इथे मला माझी एक चूक सांगावी लागेल.

नोकरीचं दुसरं वर्ष. एका मत्स्यबीज केंद्रावर माझ्या ताब्यात संगोपन तळी होती. मत्स्यजिऱ्यांची, म्हणजे अगदी बारीक पिल्लांची, बोटाएवढी बोटुकली होईपर्यंत सांभाळायची, मग गंगापूर धरणाच्या पाण्यात सोडायला पाठवायची. पाण्यात शेवाळ-प्लवंग, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढावेत म्हणून तळ्याला शेण देतात. मी उत्साहात पाटीभर जास्त द्यायला लावलं. ऑगस्ट होता, झड लागली, तीन दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या पहाटे केंद्रावरचे भोई समाजातले जुने कामगार दारात उभे. मला म्हणाले, ‘बाई, पाणी दमलंय.’ जाऊन बघते तर सगळी बोटुकली वर, तोंडं उघडून हवा गिळतायत. पंप लावेपर्यंत निम्मी गेली. थंडी नाही, रोग नाही, विष नाही. दिवसा प्लवंग उन्हात प्राणवायू करतात, रात्री तेही तो खातात, आणि तळाला कुजणारं शेण दिवसरात्र खातं. ऊन बंद म्हणजे जमा बंद, खर्च चालू. आज मत्स्यशेतकरी ‘डीओ उतरला’ म्हणतात, डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू. मला मात्र ‘पाणी दमलंय’च आठवतं.

गोठलेल्या तळ्यात हाच हिशेब चार महिने चालतो. बर्फाच्या झाकणामुळे हवेतला प्राणवायू आत येत नाही. शिल्लक फक्त रहाटगाडग्याने खाली नेलेली ती शिदोरी. सुदैवाने गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. समुद्रसपाटीला ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम, शून्य अंशाला १४.६, जवळपास दुप्पट. मात्र उंचीवर हवाच विरळ. चार हजार मीटरवर हवेचा दाब सुमारे ६० टक्के उरतो, म्हणजे तिथल्या बर्फगार पाण्यातही नऊच्या आसपासच. तुमच्या शेततळ्यात आज सकाळी असेल तेवढाच की! फरक एवढाच की तुमचे रोहू त्यामानाने खर्चिक आणि तिथला मासा हिवाळ्यात हात आखडून बसलेला.

बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल तर उजेड आत जातो आणि शेवाळ थोडाफार प्राणवायू बनवत राहतं. बर्फावर जाड हिम साचलं की अंधार. तळ्यात गवत-पाणवनस्पती भरपूर असतील तर त्या मरून कुजायला लागतात, आणि मग तेच होतं जे माझ्या ऑगस्टच्या तळ्यात झालं. मासे बर्फाखाली गुदमरतात आणि वसंतात बर्फ वितळला की वर तरंगताना दिसतात. उत्तर युरोप-अमेरिकेत उथळ तळ्यांवर म्हणूनच बर्फावरचं हिम खरवडून काढतात, कुठे एरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारं यंत्र, लावून पाण्याचा एक तुकडा उघडा ठेवतात. म्हणजे जे झाकण थंडीपासून वाचवतं तेच श्वास कोंडतं. विशनसरसारख्या तळ्यांत ओढ्याचं पाणी येतं-जातं, गाळ-गवत कमी, म्हणून तिथे निभावतं.

याही पलीकडे गेलेला एक मासा आहे आणि नाशिककरांना त्याची गोष्ट आवडावी. युरोपातला क्रूशियन कार्प, आपल्या गोल्डफिशचा सख्खा चुलतभाऊ. त्याच्या तळ्यात हिवाळ्यात प्राणवायू पूर्ण संपतो, तरी तो महिनोन्‌महिने जगतो. श्वासाशिवाय साखर जाळली की अंगात लॅक्टिक आम्ल साचतं आणि जीव जातो. हा मासा त्या आम्लाची पुढे दारू करतो आणि कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. द्राक्षाच्या रसात यीस्ट करतं तेच. साखर येते त्याच्या यकृतातून, हिवाळ्याआधी तिथे तो ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीच्या साखरेचा, मोठा साठा करून ठेवतो. गोल्डफिश दारू बनवतो हे १९८० पासून ठाऊक होतं, त्यामागची विकरं (एन्झाइम) कोणती ते ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल सापडतं. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ३० ची आहे. दिंडोरी रस्त्यावर नाकाबंदी असती तर हा मासा अख्खा हिवाळा पोलीस ठाण्यात.

दल सरोवराचं थोडं वेगळं आहे. ते उथळ, आणि त्यावरचा बर्फ बहुधा पातळ, सगळीकडे सारखा नसतो. मी एकदा चिल्ला-ए-कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या त्या चाळीस कडक दिवसांत, श्रीनगरला होते. सकाळी शिकारेवाले वल्ह्याने बर्फ फोडून वाट काढत होते. मोकळ्या पाण्यावर कोळी होड्यांत ओणवे बसलेले, डोक्यावर आणि होडीच्या टोकावर घोंगडी आणि पेंढा पांघरलेला, हातात भाला. मला वाटलं, थंडीसाठी पांघरलंय. तसं नव्हतं. घोंगडीच्या सावलीमुळे पाण्यावरची चमक मरते आणि तळाशी गप्प पडलेला मासा दिसतो. थंडीत तो जागचा हलत नाही, हे त्या लोकांना कुठल्याही आकृतीशिवाय माहीत आहे. त्या दिवशी माझी बोटं पेन धरण्याच्या लायकीची नव्हती, कांगडीवर, म्हणजे निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीवर, धरून धरून चार ओळी लिहिल्या.

आता तुमच्या तळ्यापुरतं. थंडीत खाद्य निम्म्याच्या खाली आणा आणि पहाटे नको, अकरा-बारा वाजता टाका. तरंगत राहिलं तर त्या दिवशी बंद. न खाल्लेलं खाद्य कुजून प्राणवायू खातं. शेण या दिवसांत अजिबात नको. माझ्यावरून शहाणे व्हा. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, पहाटे ते तळ्यात सोडा, पण पाइप उंच धरून धार पडू द्या, कारण विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, पडताना तो मिसळतो. थंडी ओसरेपर्यंत जाळं ओढू नका. खवले निघाले तर या दिवसांत जखम भरत नाही आणि लाल चट्ट्यांचा रोग शिरतो.

पत्र दुसरं, इंदिरानगर, नाशिक :

लडाखची तळी गोठली की तिथले पक्षी आपल्याकडे येतात. मासे का जात नाहीत कुठे?

उत्तर :

जातात की. तळ्यातून बाहेर पडायला ओढा हवा, एवढंच. हिमालयातल्या नद्यांत एक ‘स्नो ट्राउट’ आहे, कुमाऊंकडे त्याला असेला म्हणतात. नावात ट्राउट असला तरी तो आपल्या रोहूच्या कुळातला. हिवाळा लागला की तो वरचं पाणी सोडून खालच्या, कमी गार पाण्यात उतरतो. बंद तळ्यातल्या माशाला ती सोय नाही.

पक्ष्यांचं दुखणं वेगळं. चक्रवाक किंवा पट्टकादंब थंडीला फारसे भीत नाहीत, अंगावर पिसांची रजई आहे. पण तळं गोठलं की त्यांच्या ताटावर झाकण बसतं. म्हणून ते हिमालय ओलांडून खाली येतात, काही नांदूर मध्यमेश्वरलाही. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं ते हेच. वरच्या पत्रातल्या दादांच्या तालुक्यातच आहे. जानेवारीत पहाटे जा, दुर्बीण न्या आणि मोठ्याने बोलणारे नातेवाईक घरी ठेवा.

पत्र तिसरं, नाशिकरोड :

काचेच्या बाऊलमध्ये दोन गोल्डफिश आहेत. थंडीत हीटर लावू का? दुकानदार घ्याच म्हणतो.

उत्तर :

गोल्डफिशला नको. तो थंड पाण्याचाच मासा आहे, नाशिकची थंडी त्याला काहीच नाही. गप्पी, एंजल असे उष्ण प्रदेशातले मासे असते तर लावा म्हटलं असतं. तुमच्या माशांना थंडीपेक्षा बाऊलचाच जास्त त्रास असणार. तोंड निमुळतं, पाणी थोडं, हवा लागायला जागा कमी. सकाळी ते वर येऊन तोंड उघडत असतील तर हीटरच्या पैशांत पसरट टाकी आणि छोटा हवेचा पंप घ्या. बाऊल किती लिटरचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पुढच्या पत्रात कळवा.